लेव्हल डॉक्टर

म्हैस अडली म्हणून रडकुंडीला आलेला माणूस आमच्या केजच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे धावत आला, तर डॉक्टर त्याला आधी एकच प्रश्न विचारतात. "कितव्या लेव्हलला हाय?"

नवखा माणूस गोंधळतो. त्याला वाटतं, ही नवीन काहीतरी तपासणी असावी. जुनी गिऱ्हाइकं मात्र आता सरावली आहेत. "दुसरी संपली, तिसरीत अडकलीय बघा," असं ती छातीठोकपणे सांगतात, आणि गंमत म्हणजे डॉक्टरांना त्यावरून बरोबर समजतं. एकदा तर एका धनगराच्या म्हातारीनं माझ्या दुकानात येऊन सांगितलं की शेळीचा शेवटचा राक्षस आलाय, लवकर चला. माझं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे आणि डॉक्टर माझ्याच मागच्या खोलीत भाड्यानं राहतात. त्यामुळे असले निरोप घ्यायची मला सवय आहे.

डॉक्टरांचं नाव श्रीरंगराव. पण तालुक्यात त्यांना कुणी त्या नावानं ओळखत नाही. 'लेव्हल डॉक्टर' म्हटलं की एसटी स्टँडवरचा रिक्षावालासुद्धा तुम्हाला थेट माझ्या दारात आणून सोडील.

या सगळ्याचं मूळ आहे 'स्टार कारवाँ'. ही एक परदेशी भानगड आहे. कॅप्टन रोव्हेना नावाची एक बाई आपलं यान घेऊन आभाळभर हिंडते आणि गॉर्म नावाचा एक सम्राट तिच्या मागे लागलेला असतो. त्याचे आधी सिनेमे निघाले, मग सिनेमांवरून कादंबऱ्या, कादंबऱ्यांवरून कॉमिक, आणि शेवटी टीव्हीला जोडून खेळायचे गेम. ते गेम अवघड, म्हणून ते कसे खेळायचे हे सांगणारी जाडजूड रंगीत पुस्तकं निघाली. कुठल्या दारातून शिरायचं, कुठल्या खांबामागं किल्ली लपवलीय, कुठला राक्षस कधी अंगावर येतो, सगळं त्यात नकाशासकट असतं. त्यांना गाईड म्हणतात. परभणीला शिकत असताना डॉक्टरांना रद्दीवाल्याकडे असं एक गाईड सापडलं आणि त्या दिवसापासून हा माणूस कामातून गेला तो गेलाच. पुण्याचे, संभाजीनगरचे रद्दीवाले त्यांना नावानिशी ओळखतात. गठ्ठे एसटीच्या पार्सलनं येतात आणि ते सोडवायला डॉक्टर स्वतः जातात. दुसऱ्या कुणाला पाठवत नाहीत, हमाल गठ्ठे आपटतात म्हणून.

डॉक्टर एकटेच. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे कुणी विचारलं की हसून गॉर्म सम्राटाची गोष्ट सांगायला लागतात आणि विचारणारा पळून जातो. त्यांच्या खोलीत एक फ्रिज आहे. त्यात भाजी नाही, दूध नाही. गाईडं आहेत. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पुस्तकांच्या पाठीचा डिंक वितळतो आणि पानं सुटी होतात, म्हणून चैत्र लागला की निवडक पुस्तकं प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून फ्रिजमध्ये जातात. दूध बाहेर नासतं. मी एकदा म्हणालो की अहो, निदान दुधाला तरी एक कप्पा ठेवा. त्यांनी शांतपणे सांगितलं की दूध रोज मिळतं, हे आता छापत नाहीत.

त्यांचे राग-लोभही त्याच मुलुखातले. एका कादंबरीत कॅप्टन रोव्हेनाचा डावा हात मोडतो आणि त्यावरूनच काढलेल्या कॉमिकमध्ये पट्टी उजव्या हाताला आहे. हे सापडलं तेव्हा डॉक्टर कित्येक दिवस जेवणात लक्ष नसल्यासारखे वागत होते. गोचिडाचं औषध घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना थांबवून ते दोन्ही पुस्तकं दाखवायचे. आपण डॉक्टर आहोत, हात कुठला मोडलाय याला काही किंमत आहे की नाही, असा त्यांचा सवाल. गिऱ्हाईक बिचारं मान हलवायचं. एकानं तर दोन्ही हात मोडले असतील म्हणून तोडगाही काढला. त्यावर डॉक्टर दुपारभर विचार करत बसले.

आता तुम्हाला वाटेल, गेमची इतकी पुस्तकं वाचलेला माणूस गेममध्ये किती तरबेज असेल. त्यांनी गेम कधी खेळलेलाच नव्हता. घरात टीव्ही नाही. शेवटी मीच त्यांना बीडला एका गेमच्या दुकानात घेऊन गेलो. तिथं नेमका तो जुना गेम होता. डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. खेळ सुरू व्हायच्या आधी त्यांनी दुकानदाराला सगळं सांगून टाकलं. दार उघडलं की उजवीकडे खांब, खांबामागं किल्ली, किल्ली घेऊन मागं वळायचं नाही, कारण डावीकडे खड्डा आहे. दुकानदार थक्क झाला. मग त्यानं खेळायचं बटणांचं यंत्र त्यांच्या हातात दिलं. कॅप्टन रोव्हेना दारातून आत आली, भिंतीला तोंड लावून काही वेळ तशीच चालत राहिली, मग गर्रकन वळली आणि खड्ड्यात पडली.

डॉक्टर उठले. यंत्र नीट खाली ठेवलं. "गाईड बरोबर हाय," ते म्हणाले. "माणूस चुकला." आणि मोठ्या समाधानानं परत निघाले.

असा हा माणूस. त्यांच्या हाताला गुण आहे, जनावरं त्यांच्याकडे पाहून शांत होतात, पण त्यांच्या पुस्तकांचा जगात कुणाला काही उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मग कौसामावशीचं प्रकरण झालं.

कौसामावशी म्हणजे शेवटचा राक्षस आलाय म्हणून माझ्या दुकानात आलेली तीच म्हातारी. केजच्या पुढं डोंगराच्या कडेला तिची वस्ती आहे. मुलगा मेंढरं घेऊन लांब चरायला जातो, घरी सून आणि शेळ्या. मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. शेळ्या ती घंटेच्या आवाजावरून आणि अंगाच्या वासावरून ओळखायची. एक करडू विहिरीत पडलं आणि तिला ते दिसलंच नाही. त्याला वाचवायला डॉक्टर गेले होते, मीही सोबत होतो. करडू वाचलं. मग सून डॉक्टरांना म्हणाली की आता तुमीच सांगा हिला, डोळ्याचं आपरेशन करायला तयारच न्हाई.

डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, भ्या कशाचं वाटतंय? सुईचं?"

"सुईचं न्हाई," मावशी म्हणाली. "धन्याला दवाखान्यात आत घेतलं आन् दार लावून घेतलं. पुन्हा आलेच न्हाईत. त्या दाराच्या आत काय असतंय ते कुनी सांगतच न्हाई. मी आंधळी जाईन त्या आंधाराला? आपला हितला आंधार बरा. वळखीचा हाय."

परत येताना मोटरसायकलवर डॉक्टरांनी मला दोनदा विचारलं की बीडची पहिली गाडी किती वाजता असते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते बीडची गाडी धरून गेले. कुठं, कशाला, मला पत्ता नाही. संध्याकाळी एसटी स्टँडवरून कंडक्टरचा फोन आला की तुमच्या डॉक्टरला घेऊन जा, यांना काही दिसत नाही. मी धावत गेलो. डॉक्टर काळा चष्मा लावून बाकावर बसले होते आणि कुठल्याशा पोत्याला राम राम करत होते.

झालं होतं असं. डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन त्यांनी आपण डॉक्टर आहोत, आतली व्यवस्था बघायची आहे, असं सांगितलं. कशाचे डॉक्टर ते सांगितलं नाही. पण शिपायानं त्यांना धरून पेशंटांच्या रांगेत बसवलं. हे उठले नाहीत. उलट त्यांना तेच बरं वाटलं. रांगेतून पुढं सरकत त्यांनी सगळ्या खोल्या पाहिल्या, डोळ्यांत थेंब टाकून घेतले आणि आतला डॉक्टर जेव्हा म्हणाला की तुमच्या डोळ्याला काही झालेलं नाही, तेव्हा त्याला ऑपरेशनच्या खोलीचा दरवाजा तरी दाखवा म्हणून गळ घातली. तो भला माणूस होता. खरं कारण ऐकल्यावर त्यानं आतपर्यंत नेऊन सगळं दाखवलं.

डोळे निवळल्यावर डॉक्टर मला घेऊन वस्तीवर गेले. मावशी शेळ्यांना पाला टाकत होती. डॉक्टर तिच्यासमोर मांडी घालून बसले.

"मावशी, मी आत जाऊन आलो. आता ऐक. पहिल्या खोलीत हिरव्या कपड्यातली एक पोरगी बसती. ती नाव इचारती. मोठ्यानं सांगायचं, ती आपल्या बाजूची हाय. दुसऱ्या खोलीत डोळ्यात थेंब टाकतेत. चुरचुरतंय, पर ठेच्याचा हात डोळ्याला लागल्यावर जेवढं होतंय त्याच्या निम्मं बी न्हाई. तिसऱ्या खोलीत लई गार हाय. पांघरून मागायचं, देतेत. वर एक मोठा दिवा हाय. त्याच्याकडं बघत ऱ्हायचं."

"मग?" मावशीनं विचारलं. पाल्याची फांदी तिच्या हातात तशीच होती.

"मग काय न्हाई. लेव्हल पार. दुसऱ्या बाजूनं भाईर. दाराला निळा रंग हाय."

"आन् तुमी कुठं असनार?"

"निळ्या दाराच्या भाईर. बाकड्यावर."

मावशीनं फांदी शेळीपुढं टाकली. तिनं पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. डॉक्टरांनी सांगितलं. मग तिनं स्वतः म्हणून दाखवलं, आणि थेंब कुठल्या खोलीत हे चुकली तर डॉक्टरांनी दुरुस्त केलं.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही सगळे जीपनं बीडला गेलो. मांजरसुंब्याला चहाला थांबलो तेव्हा सून देवाचं नाव घेत होती आणि मावशी खोल्यांची नावं. आत नेताना तिनं मागं वळून पाहिलं नाही. नर्सनं डॉक्टरांना विचारलं की तुम्ही यांचे कोण.

"गाईड," डॉक्टर म्हणाले.

नर्सनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

मग डॉक्टर निळ्या दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. चहाला चला म्हटलं तर उठेनात. मी शेजारी बसलो तेव्हा लक्षात आलं, ते हळू आवाजात पुटपुटत होते. "आता थेंब. चुरचुरतंय, चुरचुरू दे. आता गार लागंल. पांघरून माग मावशी, पांघरून माग." त्यांच्या कपाळावर घाम होता. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालूनही या माणसाला कधी घाम फुटलेला मी पाहिला नव्हता.

निळं दार उघडलं आणि मावशी बाहेर आली, डोळ्याला पट्टी, खांद्यावर दवाखान्याचं पांघरूण. डॉक्टर उठून उभे राहिले.

"पांघरून मागितलं मी," मावशी म्हणाली. "दिलं त्यांनी."

पुढं दुसऱ्या डोळ्याचंही झालं. तेव्हा मावशी वाटेत सुनेलाच धीर देत होती. नंतर काही दिवसांनी वस्तीवरून निरोप आला की मावशीनं डॉक्टरांना बोलावलंय. डॉक्टरांनी सुया, सलाइन, सगळं घेतलं, मी औषधांची पेटी घेतली. जाऊन पाहतो तर शेळ्या मजेत रवंथ करत होत्या. कोण आजारी आहे, डॉक्टरांनी विचारलं. कुणीच नव्हतं. मावशीला ते पुस्तक पाहायचं होतं, ज्यातलं सगळं डॉक्टर बोलतात.

पुस्तक अर्थातच डॉक्टरांच्या पिशवीत होतं. मावशीनं ते मांडीवर घेतलं आणि नव्या डोळ्यांनी एकेक चित्र निरखायला लागली. यान तिला उसाच्या चरकासारखं वाटलं. गॉर्म सम्राट हुबेहूब तिच्या दिरासारखा निघाला. डॉक्टर उत्साहानं बोटं दाखवून सांगत होते. कुणी इतक्या मनापासून त्यांचं पुस्तक पाहिल्याचं मला आठवत नाही.

शेवटच्या पानापर्यंत जाऊन मावशी म्हणाली, "ही बाई पहिल्यापासून नुसती भांडतीच हाय. जेवती कवा?"

डॉक्टरांनी प्रश्न गंभीरपणे घेतला. पुस्तक हातात घेऊन पानं मागंपुढं चाळली. "दिलेलं न्हाई," ते म्हणाले.

"आन् हिच्या घरी कोन हाय?"

"घर न्हाई मावशी तिला. यान हाय."

मावशीनं पुस्तकावरून नजर उचलून डॉक्टरांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ती त्यांना नीट अशी पहिल्यांदाच पाहत असावी. कानांवरचे पिकलेले केस, मनगटावरून निसटलेली शर्टाची गुंडी, सगळं पाहिलं. सावकाश पाहिलं.

"तुमी जेवलाव का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत लावला. मावशीनं सुनेला हाक मारून तव्यावर भाकरी टाकायला सांगितली.

त्या दिवशी डॉक्टर सावकाश जेवले. पिठलं दोनदा मागून घेतलं. येताना मी गाडी चालवत होतो, ते मागे बसले होते. केजच्या वेशीपाशी आल्यावर त्यांनी माझ्या खांद्याला हात लावून गाडी थांबवायला सांगितली.

"बापू, मावशीनं येत्या अमावस्येला जेवायला बोलावलंय," ते म्हणाले. "शेळ्या तर सगळ्या ठणठणीत हायेत. नुसतं जेवायलाच बोलावलंय. अशा वेळी काय नेतेत हो?"

डॉक्टर इतका अवघड प्रश्न विचारत असल्यासारखे माझ्याकडे पाहत होते की मला हसू आलं नाही.

"काही नेऊ नका," मी म्हणालो. "भूक तेवढी ठेवा."