सहावा अल्बम आणि गणपतीची प्रभावळ

अमेरिकेतल्या नेपरव्हिलमध्ये 'द सॉल्ट क्लर्क्स'चे पाचही अल्बम बाळगणारा मराठी माणूस मी एकटाच, हे मी छातीठोकपणे सांगतो. दुसरा कुणी असेल तर तो लाजून गप्प बसला असेल. हा लीड्सचा बँड. पंक संगीताची लाट ओसरल्यावर इंग्लंडात जी उदास, बोचरी गाणी निघाली, त्यांतला. १९७९ ते ८६ मध्ये पाच अल्बम काढले, एकमेकांशी भांडले आणि फुटले. सहावा एकोणीस वर्षांनी, ६ सप्टेंबर २००५ला येणार होता. मंगळवारी, कारण अमेरिकेत नवे अल्बम मंगळवारीच येतात.

प्लॅन पक्का होता. ऑफिसात दाढदुखीची थाप मारायची, दुकानातून सहावा आणायचा, जुन्या पाचही सीडी क्रमाने ऐकायच्या आणि मग तो लावायचा. जुन्यांतला तिसरा आता कुठेच मिळत नाही. मी तो सात वर्षं शोधला होता.

सहावा घेऊन घरी आलो. कपाट उघडलं. पाच डब्या जागच्या जागी होत्या आणि पाचही रिकाम्या.

उल्का, माझी बायको, ओळखीच्या मालिनीकाकूंच्या बेसमेंटमध्ये होती. त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी गणपती बसणार होते आणि सजावट तिच्याकडे होती. फोन लावला.

"माझ्या सीडी कुठायत?"

"प्रभावळीत. मस्त चमकतायत!"

काकूंकडे पोचलो. मखरात साठ-सत्तर सीडींची प्रभावळ, चमकती बाजू पुढे, मागे ग्लू गनचा गोंद. मी एकेक उचकटत सुटलो. पहिली निघाली ती कुणाच्या तरी बारशाची. दुसरी टॅक्सच्या सॉफ्टवेअरची. तिसरीला जोर लावला, तर हातात नुसती पारदर्शक चकती आली. चंदेरी पापुद्रा थर्माकोललाच चिकटून राहिला, आणि त्याच्याबरोबर माझा तिसरा अल्बम. मग अर्धी प्रभावळ खाली आली.

"अरे संग्राम, काय हे!" काकू म्हणाल्या. "आज हरतालिका, मी सकाळपासून उपाशी आहे."

उल्का शांतपणे समोसा खात होती.

"न विचारता घेतल्यास?" मी ओरडलो.

"विचारलं होतं. कानात ते घालून बसला होतास. हो म्हणालास."

"गॅरेजमध्ये इंटरनेट कंपन्यांनी जाहिरातीसाठी पाठवलेल्या फुकट सीडींची खोकी पडलीयेत. त्या घ्यायच्या!"

"त्यांना तू हात लावू देत नाहीस. ह्या सीडी तू दोन वर्षांत एकदाही उघडल्या नाहीस. गाणी सगळी आयपॉडमध्ये भरलीयेस ना?"

खरं होतं, म्हणून मी आवाज आणखी चढवला. काकू चहा टाकायला वर गेल्या.

"मी किती जपल्या होत्या! तुला नाही कळणार."

"मला?" तिने हात पुसले. "पाच वर्षं डिपेंडंट व्हिसावर, नोकरीला बंदी म्हणून घरात आहे मी, संग्राम. इंजिनिअर आहे आणि थर्माकोल कापते. त्याच दिवशी आणखी एक विचारलं होतं. पुण्याची जुनी कंपनी परत बोलावतेय, जाऊ का?"

"मग?"

"जा की, म्हणालास."

"मी असं म्हणालो?"

"अंगठापण वर केलास. नऊ ऑक्टोबरचं तिकीट आहे. वन-वे."

सहावा अल्बम कसा आहे, हे मला विचारू नका. दोनदा लावला. लक्षच लागलं नाही.