रस्त्याकडे उघडणारी दारं

विकासाचा ज्याला लाभ होतो त्याने त्याचा खर्च सोसावा, हे तत्त्व इतकं न्याय्य आहे की त्याला आजवर कुणी विरोध केल्याचं ऐकिवात नाही. यंदा, १९६८ साली, बसवकल्याण तालुक्यातल्या आमच्या गावाने ते एकमताने मान्य केलं. (तोवर आकडा वाचून दाखवला नव्हता.)

मंठाळच्या सडकेपासून आमच्या तळ्यापर्यंत खडीचा रस्ता झाला. सरकारने आपला वाटा दिला, उरलेले एकतीसशे रुपये पंचायतीने उभे करायचे होते. चेरमन गुरुपादय्यांनी नियम केला : ज्या घराचं दार नव्या रस्त्यावर उघडतं, त्याने सुधारणा कर द्यावा. अशी दारं एकतीस निघाली. दारामागे शंभर रुपये. नोटीस कानडीत निघाली, चर्चा मराठीत झाली आणि शिव्या दखनीत.

दुसऱ्याच दिवशी किराणा दुकानदार कल्लप्पाने पुढचं दार बुजवून मागच्या भिंतीला नवं पाडलं. रस्त्याकडे गिऱ्हाइकासाठी खिडकी ठेवली. (खिडकीवर कर नव्हता.) राहिलेल्या तीस दारांवर रक्कम नव्याने वाटली, तसं गाव खडबडून जागं झालं. नागप्पा गवंड्याला जेवायला फुरसत मिळेना. त्याने दार फिरवण्याचा दर साठावरून एकशेचाळीसवर नेला, तरी लोक रांगेत उभे होते. शंभरासाठी एकशेचाळीस का, असं विचारणाऱ्याला कराचं मर्मच कळलेलं नाही. कर सरकार घेतं. गवंडी आपण लावतो.

गुरुवारी दहा दारं उरली, प्रत्येकी तीनशे दहा. रविवारी दोन. त्यातलं एक खुद्द चेरमनचं होतं. जनता जिकडून जाते तिकडूनच पुढाऱ्याने जावं, म्हणून सोमवारी त्यांनी ते बुजवलं.

राहिली चांगुणाबाई. नवरा वारलेला, दोन लेकी, रोजंदारीवर पोट. घराच्या मागची भिंत तळ्यात. एकतीसशे रुपये आठ दिवसांत भरा, नाहीतर घर लिलावात जाईल, अशी नोटीस तिच्या दारावर चिकटली. ती पंचायतीत आली.

"चेरमनसाब, माज्या मागं तळं हाय. दार काय पाण्यात पाडू?"

"अक्का, तळं पंचायतीचं हाय," गुरुपादय्या समजुतीने म्हणाले. "तिकडं दार पाडलीस तर तळ्याचा कर लागंल."

"समदं गाव माज्या दारावरून जायलंय. पैसे मी एकलीच कामून भरू?"

"जाण्यावर कर न्हाई, अक्का. दारावर हाय."

उत्तर नियमाला धरून होतं. तिला रडू आलं, तेही नियमाबाहेर नव्हतं.

गाव निष्ठुर नाही. पार्वतीबाईने तिच्या लेकींना ज्वारीच्या भाकरी नेऊन दिल्या. सेक्रेटरी बंडेप्पाने स्वतः हळहळत लिलावाची तारीख फळ्यावर लिहिली. मी गावचा मास्तर, म्हणून तिचा अर्ज मी फुकट लिहून दिला. (माझं दार शुक्रवारीच फिरलं होतं.) सगळ्यांनी पूर्वीसारखे शंभर शंभर भरावेत, असंही मी सुचवून पाहिलं. "मास्तर, व्हय, बाईवर अन्याय झालाय," लोक म्हणाले, "पन आमचं दार तिकडं न्हाईच की!"

काल तिने घरातली भांडी बाहेर काढून ठेवली. लिलाव परवा आहे. तेव्हा शेवटचा उपाय म्हणून ही हकीकत तुमच्यापुढे ठेवली. वाचणाऱ्याने चार चार आणे पाठवले तरी घर वाचेल.

आता तुम्ही मनात काय म्हणालात ते मला ऐकू आलं. 'वाईट झालं खरं, पण त्या रस्त्याशी आमचा काय संबंध?' आमच्या बैठकीत तंतोतंत हाच ठराव मांडला गेलाय. अनुमोदक मिळत नव्हता. तुमचं नाव लिहून घेतलं आहे.