ज्योती राठोड घरीच होती

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या तांड्यावर ज्योती राठोडवर अन्याय झाला. त्या मिनिटाला तिच्या मोबाइलवर निरोप आला: 'आमचा प्रतिनिधी आपल्या दारी आला होता. ग्राहक घरी नव्हता.' ज्योती तेव्हा दारातच बसली होती, मांडीवर शेळीचं पिल्लू घेऊन. निरोप तिनं मोठ्यानं वाचला. ऐकायला सात माणसं होती. त्या सातांपैकी एकानंही रस्त्यावर कुणाला पाहिलं नव्हतं. कुत्रंसुद्धा भुंकलं नव्हतं, आणि तांड्यावरचं कुत्रं पोस्टमनलाही सोडत नाही.

तेव्हापासून पार्सल यायचं असलं की ज्योती दारावर शाळेतली जुनी पाटी टांगते. खडूनं लिहिलेलं असतं, 'मी घरी आहे', आणि खाली वेळ. दर अर्ध्या तासाला वेळ पुसून नवी लिहायची, पाटीशेजारी उभं राहून फोटो काढायचा. फोटोत ती नुकतीच अटक झाल्यासारखी दिसते. शेजारीण विचारते, "काहून गं, आज कोन्त्या गुन्ह्यात?" ज्योती शांतपणे सांगते, "घरी असण्याच्या."

वय बावीस. बोलण्यात एकच हत्यार: "लिहून द्या." भेंडीवाला म्हणाला, आजचीच तोडलीय, की "लिहून द्या." जीपवाला म्हणाला, पाच मिनिटांत निघू, की "लिहून द्या." जीपवाल्यानं एकदा वैतागून तंबाखूच्या पुडीच्या कागदावर खरंच लिहून दिलं. जीप पाऊण तासानं निघाली. तो कागद तिनं सेनगावपर्यंत प्रत्येक प्रवाशाला वाचून दाखवला.

मी ग्राहकांच्या हक्कांची पत्रकं वाटत फिरतो. ती मला 'पत्रकवाले भाऊ' म्हणते, आणि त्यात आदर शोधायला गेलं तर सापडत नाही. माझ्या पत्रकातलं 'ग्राहक हा राजा आहे' हे वाक्य तिनं माझ्यासमोर खोडलं. "राजाला कुणी फाट्यावर बोलवत न्हाई," म्हणाली.

खरंच आहे. आमच्याकडं पार्सल दारी येत नाही, फोन येतो. "मॅडम, फाट्यावर या, सगळे येतात." ज्योती म्हणाली, "सगळे येतात, असं लिहून द्या." त्यानं फोन ठेवला आणि नोंद केली: 'ग्राहकाने नकार दिला.' माझ्या मावसभावाला पोलीस भरतीच्या सरावासाठी बूट आले, दोन्ही डाव्या पायाचे. परत करतो म्हटलं, तर उत्तर आलं, 'आपल्या भागातून वस्तू परत घेण्याची सोय नाही.' द्यायची सोय आहे, घ्यायची नाही! पोरगं अनवाणी पळून राहिलं.

पत्त्याचंही तेच. ॲप विचारतं, इमारतीचं नाव? मजला? ज्योतीनं लिहिलं: 'डांबरी रस्ता सोडून उजवीकडं, पाण्याच्या टाकीपासून चौथं घर, पांढऱ्या झेंड्याच्या मंदिरासमोर, निळं दार.' ॲप म्हणालं, पत्ता फार मोठा आहे. ती मोबाइललाच म्हणाली, "पत्ता मोठा न्हाई, तुझी चौकट लहान हाय."

हिंगोलीत एकदा कार्यक्रम होता. शहरातून आलेले साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते. तरुण ग्राहक ऑनलाइन खरेदीला का कचरतो? साहेबांनीच उत्तर दिलं, "जागृतीचा अभाव." मागच्या रांगेतून ज्योती उठली. "सर, जागृती झाली हाय. म्हणूनच कचरतो." टाळ्या थांबेनात. साहेबांनी पुढचं चित्र लावलं.

आणि तरीही ही बाई दर महिन्याला काहीतरी मागवतेच! केसाच्या पिना, चहाची गाळणी, सुईदोरा. गोरेगावच्या दुकानात ढिगानं मिळणाऱ्या वस्तू. एकदा माझाही धीर सुटला. "अगं, फाटा तीन किलोमीटर. जीपनं जा आन् घेऊन ये. पिनांसाठी एवढं भांडण?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग घरात बोट दाखवलं. आत तिची याडी, म्हणजे आई, भिंतीला टेकून बसली होती. तिला ऐकू येत नाही. शिबिरात कानाचं मशीन मिळालं, पण त्याला लागतात तुरीच्या दाण्याएवढे सेल, आणि ते दर दोन आठवड्यांनी संपतात. गोरेगावात मिळत नाहीत. हिंगोलीचा दुकानदार 'मागवून देतो' म्हणतो आणि विसरतो. सेल असले की याडी सगळ्या तांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात गप्पा मारते. सेल संपले की गप्प. चार बाया हसल्या की त्यांची तोंडं बघून हसते, थोडं उशिरा.

"माझा नर्सिंगला नंबर लागला, भाऊ. पुढल्या महिन्यात नांदेडला चालले. मी हाय तवर जाईन फाट्यावर, त्याची तकलीफ न्हाई. मी गेल्यावर? फोन वाजला तरी तिला कळत न्हाई."

"शेजारी आहेत की."

"दिवाळी झाली की शेजारी ऊसतोडीला जातेत. अर्धा तांडा रिकामा ऱ्हातो. म्हणून पिना मागवून राहिले. पिनांनी रस्ता शिकवला, की त्याच रस्त्यानं सेल येतील."

मी पत्रकांचा गठ्ठा पिशवीत कोंबला.

गेल्या गुरुवारी एक जण खरंच आला. मोटारसायकल वळताना दिसली तशी ज्योतीनं मला दंडाला धरून दाराआड ओढलं. "तुमी बोलायचं न्हाई. आज याडीची परीक्षा हाय." याडी उंबऱ्यात तूर निवडत होती. मशीन डब्यात, सेल संपलेले. माणसानं गाडीवरूनच हाक मारली, "राठोड! ओ राठोड!" कुत्रं भुंकत होतं. याडीनं सुपातला खडा काढून टाकला. त्यानं पुन्हा हाक मारली. मग खिशातून मोबाइल काढला आणि अंगठा वर नेला. तो अंगठा कुठं टेकणार, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं.

ज्योती बाहेर गेली. मला वाटलं, आता फाडून खाते. ती एवढंच म्हणाली, "दादा, ती घरी हाय. तिला ऐकू येत न्हाई. जवळ जाऊन उभं ऱ्हा."

तो उतरला, याडीच्या समोर येऊन उभा राहिला. सुपावर सावली पडली तशी तिनं मान वर केली. दोन्ही हातांनी पिनांची पुडी घेतली आणि भलत्या मोठ्या आवाजात म्हणाली, "बस लेकरा, पानी पी!" तो दचकला आणि बसला. ज्योती पाणी आणायला आत आली ती मडक्यापाशी बराच वेळ भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मी बाहेर जाऊन त्या माणसाशी उगाच पावसावर बोलत बसलो.

पुढच्या महिन्यात ज्योती तिथं नसेल. म्हणून आता तुम्हाला सांगतो, आणि ही विनंती नाही. तुम्ही पार्सलं पोचवत असाल, तर रस्त्यावरून हाक मारून बटण दाबू नका. गाडीवरून उतरा, आत जा, माणसाच्या समोर उभे राहा. आणि तुमच्या स्वतःच्या दारी पार्सल बिनबोभाट येत असेल, तर उद्या ते आणणाऱ्याला थांबवा आणि विचारा, तांड्यावर जातोस का. नाही म्हणाला, तर काहून, ते कळेपर्यंत सही करू नका.