मामांचा पेपर

रविवारी सकाळी सव्वानऊला नऊ नंबरच्या वर्गात आमोद सरांनी हजेरीपत्रक उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि फळ्याकडे बघून म्हणाले, "मामा, खडू नाहीये."

दुसऱ्या बाकावरून मामा उठले. वही मिटली, वहीवर पेन ठेवलं आणि खडू आणायला निघाले. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, खडूचा डबा तळमजल्यावर. ते धापा टाकत वर आले तेव्हा हजेरी आटोपली होती आणि 'सोनटक्के वैजनाथ' या नावापुढे सुबक अक्षरात 'गै' लिहून झालं होतं.

"सर, ते सोनटक्के म्हणजे मी."

"हो का? पण मामा, आता खाडाखोड केली तर वरचे मलाच विचारतील. मी आधीच तासिकेवर आहे, कायम नाही. पुढच्या वेळी सांगा."

पुढच्या वेळी दुसरे सर होते आणि त्यांना चहा हवा होता. त्याच्या पुढच्या वेळी बाई होत्या, त्यांना प्रोजेक्टरची वायर सापडत नव्हती. सर बदलत, बाई बदलत, 'गै' काही बदलत नसे. वर्गातली चाळीस मुलं-माणसं मामांना ओळखत, पण सोनटक्के कोण हे एकालाही ठाऊक नव्हतं. मामा बाकावर का बसतात, तर दम खायला, असंच सगळे धरून चालले होते.

सदाशिव पेठेतल्या त्या कॉलेजात वैजनाथ सोनटक्के अठ्ठावीस वर्षं शिपाई. परळीकडून आले, बिबवेवाडीत दोन खोल्या केल्या, आणि कॉलेजच्या रिवाजाप्रमाणे पहिल्याच दिवशी सगळ्यांचे मामा झाले. तीन वर्षांपूर्वी त्यांनी दूरस्थ शिक्षणाच्या बी.ए.ला नाव घातलं. पुस्तकं घरी येतात, अभ्यास घरी करायचा, महिन्यातले दोन रविवार संपर्क सत्र आणि शेवटी परीक्षा. ज्यांना कॉलेज दूर, त्यांच्यासाठी ही सोय. कोणी भोरहून येई, कोणी नारायणगावहून. मामांचं अभ्यासकेंद्र म्हणजे त्यांचंच कॉलेज. विद्येपासून ते तीन जिने लांब होते आणि तेवढंच अंतर कापलं जात नव्हतं.

जूनमध्ये ऑफिसात कारकुनाची एक जागा रिकामी होणार होती. पदवी हवी आणि वय बावन्नच्या आत हवं. श्रावणात मामांना बावन्न पुरी होत होती. सगळे पेपर सुटले होते, 'लोकप्रशासन' हा एक उरला होता. तो या वर्षी सुटला तर खुर्ची, नाहीतर स्टूल. बायकोला, हिराबाईंना, ते एकदाच बोलले होते, "खुर्चीत बसलं की माणसाला आडनाव येतं गं."

अभ्यास त्यांनी आपल्या पद्धतीनं केला. एकादशीला देवळात बुवांच्या मागं टाळ धरून उभं राहायची त्यांची जुनी सवय. चालीवर घातलेलं डोक्यात राहतं, हे त्यांना कीर्तनानं शिकवलं होतं. म्हणून नोकरशाहीची सात वैशिष्ट्यं त्यांनी चालीवर बसवली आणि आंघोळ करताना ठेक्यात म्हणू लागले.

"देवाचं म्हणताय का सरकारचं?" हिराबाई बाहेरून विचारत.

"सरकारचं."

"मग हळू म्हणा. देवाला वाटायचं त्यालाच बोलावताय."

पण परीक्षेच्या आधी प्रवेशपत्र यावं लागतं, आणि मामांचं अडलं. कारण या वर्षीपासून हजेरी बघू लागले होते आणि मामांची शून्य. मामा केंद्रप्रमुख विश्वजीत सरांपुढे उभे राहिले. विश्वजीत सर कधीही आवाज चढवत नसत. त्याची त्यांना गरज पडत नसे.

"मामा, तुम्ही आठही सत्रांना गैरहजर आहात."

"सर, ते वर्ग मीच उघडत होतो की."

"वर्ग उघडणं वेगळं, वर्गात बसणं वेगळं. देवळाचं दार उघडणाऱ्याला आपण भक्त म्हणत नाही." सरांनी दुसरं मस्टर पुढं ओढलं. "आणि हे बघा. आठही रविवारी तुमची ड्युटीची सही आहे. एक माणूस एका वेळी दोन मस्टरवर हजर कसा?"

मामांना वाटलं, बुवा सांगतात ते खरं, देव लांब नाही, मधली माणसं लांबवतात.

सर अगदीच निर्दय नव्हते. त्यांनी वाट काढली. मामांनी आठ रविवारांचे रजेचे अर्ज मागच्या तारखा घालून द्यायचे. ड्युटी नव्हती म्हणजे वर्गात होते, असं प्रमाणपत्र मग सर देणार.

"मग सर, त्या दिवशी कॉलेज उघडलं कोणी?"

"ते कागद विचारत नाही. कॉलेज उघडं होतं एवढंच त्याला माहीत आहे."

मामांच्या साठलेल्या आठ रजा गेल्या आणि प्रवेशपत्र आलं. हिराबाईंनी ते देवापुढं ठेवलं. "ज्या दिवशी राबलात त्या दिवशीची रजा," त्या म्हणाल्या. "नावच मामा आहे, आणखी काय बनवायचं राहिलंय तुम्हाला?"

परीक्षेच्या रविवारी मामांनी रीतसर नववी रजा टाकली. आदल्या दिवशी कोथरूडच्या शाखेतून आलेल्या संपतच्या हाती चाव्यांचा जुडगा दिला. धुतलेला सदरा, कपाळाला बुक्का, खिशात दोन पेनं. साडेदहाला ते गेटबाहेरच्या रांगेत उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच ते गेटच्या या बाजूला वाट बघत होते आणि त्यांना ते आवडलं होतं.

पेपर अकराचा, पावणेअकरा झाले तरी गेट बंदच.

संपत कुलपाशी झटत होता. अठ्ठावीस वर्षांत ते कुलूप दुसऱ्या कोणी उघडलंच नव्हतं. ते नुसत्या किल्लीनं उघडत नसे, त्याची एक खोड होती. विश्वजीत सर रिक्षातून उतरले, त्यांनीही किल्ली फिरवून पाहिली. मामा पुढं झाले, तसं सरांनी त्यांना हातानंच थांबवलं आणि कानाशी येऊन म्हणाले, "तुम्ही आज परीक्षार्थी आहात. आत प्रश्नपत्रिका आहेत. परीक्षार्थी केंद्राचं कुलूप उघडतोय असा कोणी व्हिडिओ काढला, तर उद्या मी कुठे असेन?"

"मग सर, लांबून सांगू का?"

सरांनी क्षणभर विचार केला. लांबून सांगण्याविरुद्ध नियम नव्हता.

मामा दहा पावलं मागं सरकले. "संपत, किल्ली पूर्ण आत घालू नको. जरा बाहेर ठेव."

"जरा म्हंजी किती?"

"गव्हाच्या दाण्याइतकी. आता कुलूप वर उचल. डावीकडं कलू दे. अन् हळू फिरव. रागात फिरवलं तर ते फिरत नाही."

"मी कुठं रागात हाय?" संपत दात चावत म्हणाला.

रांगेतून एकजण बोलला, "चालू द्या दादा. आमचं तर तीन वर्षं सगळंच असं लांबून शिकून झालंय. कुठं काय उघडलं?"

रांग हसली. मग अकरा वाजले आणि हसू थांबलं. सव्वाअकराला लोक घड्याळ दाखवू लागले. सासवडहून आलेली तनुजा, नववा महिना भरत आलेला, समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून पदरानं वारा घेत होती. कुलूपवाल्याचा फोन लागत नव्हता.

विश्वजीत सर मामांजवळ आले. या वेळी ते म्हणाले, "सोनटक्के."

मामांनी मागं वळून पाहिलं, कोणाला हाक मारली ते.

"सोनटक्के, एकच मार्ग आहे. तुमची आजची रजा रद्द करतो. मस्टर माझ्या बॅगेत आहे. कर्मचारी म्हणून सही करा आणि कर्मचारी म्हणून कुलूप उघडा."

"अन् माझा पेपर?"

"ड्युटीवरच्या माणसाला परीक्षेला बसता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको." सर जरा थांबले. "हे एकशे चाळीस जण आहेत. सक्ती नाही. तुम्ही ठरवा."

मामांनी रांगेकडं पाहिलं. पायरीवरच्या तनुजाकडं पाहिलं. कीर्तनात अशी जागा आली की बुवा थांबतात, टाळ थांबतो, आणि देव काहीतरी करतो. मामा थांबले. रस्त्यावरून बस गेली. देवानं काही केलं नाही.

त्यांनी सरांच्या बॅगेवर मस्टर ठेवून सही केली आणि किल्ली हातात घेतली. कुलूप उघडलं नाही. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा ते मामांनाही उघडलं नाही. त्यांनी किल्ली बाहेर काढली, डोळे मिटले, सात वैशिष्ट्यांतलं पहिलं ठेक्यात पुटपुटले, आणि मग हळू फिरवली.

पेपर अकरा पस्तीसला सुरू झाला. नऊ नंबरच्या वर्गात प्रश्नपत्रिका मामांनीच वाटल्या. वाटता वाटता त्यांची नजर पडली. प्रश्न तिसरा, नोकरशाहीची वैशिष्ट्ये सविस्तर लिहा, गुण वीस.

"मामा, पाणी."

"मामा, पुरवणी."

"मामा, पंखा जरा कमी करता का?"

पंधरा दिवसांनी विद्यापीठाचं परिपत्रक आलं. पेपर उशिरा सुरू झाल्याची कोणीतरी तक्रार केली होती. या केंद्रावरचा लोकप्रशासनाचा पेपर रद्द, फेरपरीक्षा मेच्या सुरुवातीला, निकाल जूनच्या आधी. मामांनी ते उभ्यानंच वाचलं आणि पहिला फोन घरी लावला. "हिरा, देवानं उशिरा ऐकलं, पण ऐकलं." पलीकडून आधी कुकरची शिट्टी आली. मग हिराबाई म्हणाल्या, "आधी पान उलटून बघा. सरकारचा कागद हाय."

मामांनी पान उलटलं नाही. सरळ विश्वजीत सरांकडे गेले. सरांनी उलटलं.

"कलम चार. 'फेरपरीक्षेस केवळ मूळ परीक्षेस उपस्थित असलेले विद्यार्थीच पात्र राहतील.'" सरांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. "तुम्ही उपस्थित नव्हता, मामा. म्हणजे, होता. पण ड्युटीवर."

"होय सर."

"वाईट वाटतं." ते खरंच वाटत असावं, कारण सर पुढचं वाक्य खिडकीकडं बघून बोलले. "ही यादी घ्या. सगळ्यांना फोन करून तारीख कळवायची आहे. आजच."

मामा स्टुलावर बसले आणि एकेक नंबर लावू लागले. कोणी चिडलं, कोणी विद्यापीठाला शिव्या दिल्या. तनुजाच्या घरी बाळ रडत होतं. ती म्हणाली, "बरं, येते," आणि फोन ठेवला. त्याच्या पुढचा नंबर भोरच्या कुणा मुलाचा होता.

"हॅलो, कॉलेजातून मामा बोलतोय. लोकप्रशासनाचा पेपर परत द्यायचाय."

"परत? अहो मामा, मी पुस्तकं रद्दीत घातली." मुलगा वैतागला. मग म्हणाला, "तुमचं बरंय बुवा. तुम्हाला अभ्यास नाही, परीक्षा नाही."

"हो," मामा म्हणाले. त्याच्या नावापुढं 'कळवले' असं लिहून त्यांनी पुढचा नंबर लावला.