दगडोबा अस्वलाचा माउथ ऑर्गन

एका जंगलात, बाळांनो, दगडोबा नावाचं एक अस्वल होतं. वारुळाला तोंड लावायचं आणि वाळवी सुर्रकन ओढून घ्यायची, एवढीच विद्या त्याला येत होती.

एकदा सहलीला आलेल्या माणसांचा माउथ ऑर्गन झाडाखाली राहून गेला. दगडोबाने पाहिलं, तर दहा भोकं. त्याला वाटलं, हे वारुळाचं पिल्लू असणार. त्याने तोंड लावून जोरात ओढलं.

वाळवी आली नाही. सूर आला.

त्या सुरात उपाशी पोटाची सगळी निराशा होती. माकडं रडली. हरणं रडली. मगरसुद्धा रडली, आणि तीही खरंखुरं.

टिटवी ही तिथली समीक्षक. तिने सांगितलं की, न फुंकता असं ओढून वाजवलेल्या दुःखाला सातासमुद्रापार ब्लूज म्हणतात.

दगडोबा रोज वाळवीच्या आशेने दहाही भोकं ओढत राहिला. जंगल त्याला रियाज म्हणू लागलं. वर्षभरात तो सूर असा वाकवू लागला की ऐकणारेही वाकायचे. डोंगरापलीकडून बोलावणी आली, मानपत्र मिळालं.

मग चाहत्यांनी कौतुकाने मध आणला. दगडोबा पोटभर जेवला. त्या दिवशी सूर गुबगुबीत निघाला. कोणीच रडलं नाही.

वाघाने तातडीने सभा घेतली. कलेसाठी दगडोबाला उपाशी ठेवायचा ठराव झाला. ठराव करून सगळे जेवायला गेले.

दगडोबाची बायको हौसा म्हणाली, "अहो, वाजवा की हवं तेवढं. पण जेवून वाजवा."

"जेवलं की वाजत नाही म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"जेवलेले."

पुढे मोठा महोत्सव भरला. दगडोबा तीन दिवसांचा उपाशी. समोर अध्यक्ष वाघ मधाचं मडकं मांडीवर घेऊन डोळे पुसत बसलेला. दगडोबा उठला, मडकं उचललं, तळापर्यंत चाटलं आणि आयुष्यात पहिल्यांदा बाजा फुंकला.

काय सांगू तुम्हाला! सूर टुणटुण उड्या मारू लागले. ससे नाचले. हत्तीण नाचली. वाघ हरिणीचा हात धरून गिरक्या घेऊ लागला. कोण कुणाला खातं, हे दोघं पार विसरले.

दुसऱ्या दिवशी टिटवीने लंगडत येऊन जाहीर केलं की, दगडोबाची कला संपली. सगळ्यांनी दुखरे पाय चोळत माना डोलावल्या. मानपत्र परत घेतलं गेलं.

दगडोबा आता फक्त हौसासाठी वाजवतो. ती नाचते. दोघंही छान जाड झाली आहेत.

तात्पर्य: खरी कला उपाशी पोटीच जन्मते. म्हणून रसिकांनी कार्यक्रमाला नेहमी पोटभर जेवून यावं.