पांढऱ्या गाडीचा आग्रह

तो मंगळवार होता की बुधवार, हे मला आता खात्रीने सांगता येत नाही. पण क्राइस्टचर्चमध्ये त्या सकाळी तिसऱ्या जुन्या गाडीने आमची मुलाखत घेतली, हे नक्की. त्या देशात तेव्हा वापरलेली गाडी गिऱ्हाईक पसंत करत नसे. गाडीच गिऱ्हाइकाला पसंत करी. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. जिला एकदा विकून टाकलं आहे, तिने दुसऱ्या वेळी चौकशी करावी, हे रास्तच आहे.

मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा, संख्याशास्त्राचा नुकताच निवृत्त झालेला प्राध्यापक होतो. माझी पत्नी शालन हिने सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. न्यूझीलंडचा नकाशा ती फळ्यावर न बघता काढायची आणि अगदी खाली ब्लफ नावाच्या गावावर टिंब द्यायची. ते टिंब प्रत्यक्ष पाहायचं म्हणून आम्ही पाठीवर पिशव्या घेऊन निघालो होतो. मुक्काम तरुणांच्या वसतिगृहात, आठ खाटांच्या खोलीत. खाली ब्लफपर्यंत हॉटेलं परवडणारी नव्हती. जुनी गाडी मिळाली, तर तिच्यातच झोपत जाता येणार होतं. नाही मिळाली, तर परत सांगली.

लाल व्हॅनने आम्हाला नाकारलं, कारण मी तिला अपघातांची दर लाख वाहनांमागची सरासरी सांगितली. करड्या गाडीचं दार जोरात लागलं म्हणून मी चार वेळा माफी मागितली. ती म्हणाली, असल्या माणसाबरोबर डोंगर चढायचा तिला धीर होत नाही. तिसऱ्या वेळी जमलं नाही की अर्जदाराचं नाव वर्षभर यादीतून निघे, असा नियम होता.

तिसरी पांढरी स्टेशन वॅगन होती, बरीच वयस्क. शेजारी गाड्यांची संमती नोंदवणाऱ्या कचेरीच्या मिसेस हॅलोरन शिक्का घेऊन बसल्या होत्या.

"गाडी चालवताना तुम्ही बोलता का?" गाडीने मला विचारलं.

"माफी मागत असतो."

"कोणाची?"

"साधारण सगळ्यांची."

गाडीने विचार केला. "चालेल. आधीचा मालक शिव्या द्यायचा."

मग तिने शालनला रस्ता विचारला. शालनने नद्या, घाट आणि वाटेतली गावं क्रमाने सांगितली. गाडीने शेवटच्या गावाचं नाव पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. शेवटी म्हणाली, "मी इतकी वर्षं इथे आहे, पण ब्लफ पाहिलेलं नाही. मी तयार आहे. चला, न्या मला."

आणि मी म्हणालो, "छे छे, कशाला! तुम्हाला उगीच त्रास."

मिसेस हॅलोरनांनी फॉर्मवर लिहिलं, 'अर्जदाराचा नकार', आणि शिक्का उचलला.

"अहो!" शालन ओरडली. "इथेसुद्धा?"

"तोंडातून निघून गेलं गं."

"बाई, थांबा," शालन त्यांना म्हणाली. "हा नकार नाही. आमच्याकडे पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणत नाहीत. आग्रह करावा लागतो."

"किती वेळा?"

"दोनदा तरी नाही म्हणतात. तिसऱ्यांदा म्हटलेलं खरं."

"पुरावा?"

शालनने पिशवीतून बेसनाच्या लाडवांचा डबा काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी लगेच एक उचलला.

"तुम्ही चटकन घेतलात, म्हणून एकच मिळाला," शालन म्हणाली. "आता बघा. अहो, लाडू घ्या."

"नको गं, आत्ताच खाल्लंय."

"अर्धा तरी."

"खरंच नको."

"माझ्या हातचा आहे हो."

"बरं, दे."

तिने मला दोन दिले. मिसेस हॅलोरनांनी ते मोजले, नियमांचं पुस्तक उघडलं आणि तीन पानं शांतपणे वाचली. शिक्का त्यांच्या हातातच होता. तीस वर्षांचा नकाशा माझ्या एका शब्दावर अडकला होता, आणि तो शब्द मी नीट उच्चारेन याची मलाच खात्री नव्हती.

"गाडीने पुन्हा विचारू नये, असं कुठे लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मात्र आग्रह मनापासूनचा हवा."

"करून बघते," गाडी म्हणाली. तिने घसा साफ केल्यासारखा आवाज काढला. "या हो. मागची सीट आडवी होते. दोघांना ऐसपैस."

"नको, नको," मी म्हणालो. शालनने माझ्या पायावर पाय दिला.

गाडीला आता रंग चढला होता. "असं कसं? न बसता जायचं नाही! हीटर चांगला आहे माझा. बाईंना थंडी वाजते, दिसतंय मला. निदान त्यांच्यासाठी!"

"बरं," मी म्हणालो. "तुम्ही एवढं म्हणताय तर."

मिसेस हॅलोरनांनी आधीची ओळ खोडली, शिक्का मारला आणि डब्याकडे पाहून म्हणाल्या, "मला दुसरा नको." शालनने त्यांना दोनदा आग्रह केला आणि हातावर दोन लाडू ठेवले.

आठ दिवसांनी आम्ही ब्लफला पोचलो. शालन खाली उतरली, समुद्राकडे बघत उभी राहिली आणि मोठ्याने हसली. गाडीनेही विनाकारण दोनदा हॉर्न वाजवला. मी कोणाचीही माफी मागितली नाही.

परतताना गाडी आम्ही कचेरीच्या स्वाधीन केली. अकरा वर्षांनी मी तिची खुशाली विचारणारं पत्र पाठवलं. कचेरीने नोंद तपासून लेखी उत्तर दिलं, त्यावरून एवढं पक्कं झालं: आमच्यानंतर नॉर्वेचा एक सद्गृहस्थ तिला न्यायला आला होता. ती दोनदा म्हणाली, "छे छे, कशाला." त्याने तिसऱ्यांदा विचारलं नाही, आणि तो बसने गेला.