कुसुमताईंचा कोपरा

"हॅलो! हॅलो, निळा शर्ट! आपली पिशवी कुंडीच्या बाहेर पडली आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा!"

आमच्या आळीच्या तोंडाशी हा आवाज घुमला की नवखा माणूस लाउडस्पीकर शोधायचा. लाउडस्पीकर नव्हताच. समोरच्या गॅलरीत कुसुमताई उभ्या असायच्या.

ताई रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. देवरूखचा ट्रंककॉल जोडताना त्या इतक्या मोठ्यानं बोलत, की मधल्या तारेचा खर्च वायाच गेला असं त्यांच्या मैत्रिणी म्हणायच्या. अठ्ठ्याण्णव साली त्या निवृत्त झाल्या. त्याच सुमाराला नगरपालिकेनं त्यांच्या घरासमोर लोखंडी कचराकुंडी आणून ठेवली. दोघींची गाठ तिथे पडली.

कुंडीपर्यंत जायचा लोकांना कंटाळा. स्कूटरवरूनच पिशवी भिरकावायची. कोळंबीची सालं, आंब्याचे बाठे, पेट्यांतलं गवत, सगळं बाहेर, वर कुत्री आणि कावळे. कुठे राहता विचारलं की आम्ही खालमानेनं सांगायचो, "त्या कचऱ्याच्या कोपऱ्यावरून आत."

ताईंनी कधी कुणाला शिवी दिली नाही. एक्स्चेंजमधला नम्रपणा जिभेवर बसलेला. पण माणूस मागे येऊन पिशवी उचलेपर्यंत त्याला सोडतील तर शपथ! तो निघू लागला की, "लाइनवर राहा!"

एकदा खुद्द आमचे नगरसेवकच सापडले.

"हॅलो, पांढरी स्कूटर!"

सगळी आळी दारात. साहेब मुकाट उतरले, पिशवी उचलून कुंडीत टाकली आणि वर बघून म्हणाले, "झालं, ताई?"

"धन्यवाद. आता माझं ऐका. ही कुंडीच नको आम्हाला. गाडी दारात पाठवा. दारातून कचरा गेला तर रस्त्यावर येईल कशाला?"

माणूस खिलाडू. खटपट करून त्यांनी घंटागाडी पहिल्यांदा आमच्याच आळीत आणली. कुंडी गेली. ताईंनी तिथे जांभ्याचे चिरे रचून घेतले, घराघरांतून शेणखत मागून आणलं आणि अबोली, कर्दळ, जास्वंद लावली. आम्ही पाळ्या लावून पाणी घालू लागलो. गणपतीपुळ्याला निघालेले पाहुणे गाडी थांबवून फोटो काढायला लागले. नाक दाबून जाणारे आम्ही, "आमचा कोपरा बघितलात की नाही?" असं ज्याला त्याला विचारत सुटलो.

मग नगरपालिकेनं सिमेंटचा बाक दिला. कामगारांनी तो फुलांकडे तोंड करून ठेवला. मी ऑफिसला निघालो होतो, तेवढ्यात ताई खाली आल्या.

"असा नको हो. फिरवा. तोंड रस्त्याकडे करा."

"ताई, मग फुलं कशी दिसणार?" मी म्हटलं.

"फुलं मला वरून दिसतात रे." त्यांना इतकं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "नोकरीत दिवसभर कानात माणसं असायची. मग हे कचरा टाकणारे होते, दोन शब्द तरी व्हायचे. आता सगळे शहाण्यासारखे वागतात. गुपचूप निघून जातात."

कामगारांनी बाक फिरवला. ताई एका टोकाला बसल्या. ऑफिसला उशीर होत होता, तरी मी दुसऱ्या टोकाला टेकलो.

"हं, सांग," पदर सावरत त्या म्हणाल्या, "घरी काय चाललंय?"